संगीताच्या कॉलेजचा फॉर्म भरताना



बारावीचा निकाल लागला की गटाच्या बैठकीत एक गोष्ट हमखास होते. हप्ता जमा होतो, वहीवर सह्या होतात आणि मग कुणीतरी पिशवीतून घडी केलेला कागद काढतं. मुलीच्या कॉलेजचा फॉर्म. नर्सिंगचा, डीएडचा, बीएचा फॉर्म आता आपल्या ओळखीचा झालाय. पण अलीकडे संगीताच्या कॉलेजचाही फॉर्म येऊ लागलाय आणि तो हातात घेतला की सगळ्या गप्प होतात. एका मावशींनी विचारलं, "मनी पोर गानं चांगलं म्हनस, पन या फारमवर लिखानं काय?" हा प्रश्न पुष्कळ जणींचा आहे, म्हणून आज त्यावरच बोलू.

आधी हे पाहू की गाणं शिकण्याच्या वाटा कोणत्या. कारण फॉर्म कुठला आहे हे कळलं, तरच त्यातले प्रश्न कळतात.

पहिली वाट गंधर्वच्या परीक्षांची. पंडित विष्णू दिगंबर पलुसकर यांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. त्याआधी गाणं शिकायचं तर उस्तादाच्या घरी वर्षानुवर्षं राहावं लागायचं. पलुसकरांनी शाळेसारखे वर्ग, अभ्यासक्रम आणि परीक्षा आणल्या. त्यांच्या पश्चात शिष्यांनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळ उभं केलं. आज खेड्यापाड्यातल्या क्लासमधली मुलं ज्या परीक्षा देतात, त्या बहुतेक याच मंडळाच्या असतात. क्रम असा: प्रारंभिक, प्रवेशिका प्रथम, प्रवेशिका पूर्ण, मध्यमा प्रथम, मध्यमा पूर्ण, विशारद प्रथम, विशारद पूर्ण आणि त्यापुढे अलंकार. सुरुवातीला समोर बसून गायचं असतं, पुढे लेखी पेपरही येतो. या परीक्षा शाळा-कॉलेज सांभाळून देता येतात. नातवंडं झालेल्या बायकाही त्यांना बसतात, हे आपल्यापैकी काही जणींनी मनात ठेवावं.

दुसरी वाट म्हणजे बीएला संगीत हा विषय घेणं. आपल्याजवळ जळगावच्या मूळजी जेठा महाविद्यालयात संगीताचं शिक्षण मिळतं. एरंडोलहून एसटीने जाऊन-येऊन शिकता येईल अशी ही सोय आहे.

तिसरी वाट म्हणजे गाणं हाच मुख्य अभ्यास ठेवून पदवी घेणं. पुण्याच्या सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात ललित कला केंद्र आहे. १९८७ साली सुरू झालेल्या या केंद्राला गुरुकुलही म्हणतात, कारण तिथे विद्यापीठाच्या पदवीसोबत गुरूसमोर बसून शिकण्याची पद्धत आहे. संगीत, नृत्य आणि नाटक हे तिन्ही विषय तिथे आहेत. मुंबईत राज्य सरकारने लता मंगेशकरांच्या नावाने संगीत महाविद्यालय २०२२ मध्ये सुरू केलं. अशा ठिकाणी फक्त बारावीच्या टक्क्यांवर प्रवेश मिळत नाही. मुलीला समोर बसवून गायला लावतात, दोन प्रश्न विचारतात. आणि ते प्रश्न विचारताना त्यांच्या हातात असतो तिने भरलेला फॉर्म.

आजच्या बोलण्यातली मुख्य गोष्ट हीच आहे. संगीताच्या फॉर्मवर जे लिहाल, ते गाऊन दाखवावं लागतं. म्हणून जे येतं तेच लिहायचं, पण येतं ते सगळं लिहायचं. आपल्या मुली यातल्या पहिल्या अर्ध्यात घाबरतात आणि दुसऱ्या अर्ध्यात लाजतात.

आता फॉर्म उघडू.

पहिलं पान नावा-गावाचं. नाव दहावीच्या गुणपत्रिकेवर जसं आहे तसंच लिहायचं. आईचं नाव, आडनावाचं स्पेलिंग, जन्मतारीख, सगळं तिथलंच. आधारवर वेगळं असेल तर आधी आधार दुरुस्त करून घ्या. लग्नानंतर शिकणाऱ्या सुनांचं नाव बदललेलं असतं, त्यांनी विवाह नोंदणीचा दाखला जवळ ठेवावा. बारावीनंतर मध्ये एखादं-दोन वर्षं शिक्षण सुटलं असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र मागतात. त्याला लाजायचं कारण नाही, कापूस वेचायला आणि घर सांभाळायला गेलेलं वर्ष वाया गेलेलं नसतं. शाळा सोडल्याचा दाखला, गुणपत्रिका, अधिवास, उत्पन्नाचा दाखला, लागू असेल तर जातीचा दाखला आणि नॉन-क्रिमीलेअर, एवढं एका फाइलीत आधीच लावून ठेवा. तहसीलच्या दाखल्याला दिवस लागतात आणि फॉर्मची मुदत थांबत नाही. शिष्यवृत्तीचा अर्ज बहुतेक वेळा महाडीबीटीवर वेगळा भरावा लागतो, तो विसरू नका.

दुसऱ्या पानावर खरे प्रश्न सुरू होतात. प्रत्येक कॉलेजचे शब्द वेगळे असतील, पण विचारायचं असतं ते साधारण असं.

पहिला प्रश्न: संगीताचं आधीचं शिक्षण काय?

इथे आपल्या मुली एकतर "नाही" लिहितात, नाहीतर "लहानपणापासून संगीताची आवड आहे" असं लिहितात. दोन्हींतून वाचणाऱ्याला काही कळत नाही. आवड सगळ्यांनाच असते, म्हणून तर फॉर्म भरलाय. त्यांना हवं असतं किती वर्षं, कुणाकडे, आठवड्यातून किती वेळा आणि त्यातून काय येतं. समजा एखादी मुलगी असं लिहील:

"चौथीत असल्यापासून गावातल्या भजनी मंडळात गाते. हरिपाठ आणि काकड्याचे अभंग ऐकून पाठ झाले. आठवीपासून एरंडोलला आठवड्यातून दोन दिवस क्लासला जाते. प्रवेशिका पूर्ण उत्तीर्ण आहे. भूप, दुर्गा, काफी आणि यमन हे राग शिकले. यमनमधला छोटा ख्याल आलाप आणि तानांसह गाता येतो. पेटीवर स्वतःची साथ करता येते. रोज सकाळी अर्धा तास रियाज होतो, शेतीच्या हंगामात तेवढा होत नाही."

पाहा, यात मोठा शब्द एकही नाही, पण वाचणाऱ्याला मुलगी दिसते. शेवटचं वाक्य काढून टाकावं असं घरच्यांना वाटेल, मला ते ठेवावंसं वाटतं. ते खरं आहे, आणि समोर बसलेल्या गुरूला हंगाम म्हणजे काय ते कळतं.

क्लासच लावला नसेल तर? तरी "नाही" लिहून सोडू नका. भजनी मंडळात कोणाच्या मागे बसून शिकली, शाळेत कोणत्या सरांनी समूहगीत बसवलं, मोबाईलवर ऐकून काय बसवलं, ते लिहा. शिकवणाऱ्याचं नाव लिहायचं तेव्हा त्यांना आधी विचारा. भजनातले बाबा शिकलेले नसतील, त्यांचं नाव लिहायला मुली कचरतात. पण ज्याच्याकडून पहिला सूर घेतला तो गुरूच. त्याचं नाव लिहिण्यात कमीपणा कसला?

दुसरा प्रश्न: लोकगीतं, पारंपरिक गाणी येतात का? किंवा, इतर काही सांगायचं आहे का?

हा रकाना आपल्या खान्देशातल्या मुली हमखास कोरा ठेवतात. आईच सांगते, "ते कानबाईचं नको लिहू, हसतील." मैत्रिणींनो, थोडं थांबून विचार करा. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, रात्रभर गाणी चालतात. आखाजीला झोक्यावर गौराईची गाणी होतात. लग्नात हळदीची, तेलनाची गाणी होतात. यातली वीस-पंचवीस गाणी अहिराणीत पाठ असणं हे शहरातल्या क्लासमध्ये विकत मिळत नाही. संगीत शिकवणाऱ्यांना त्याची किंमत कळते.

आणि उदाहरण लांबचं कशाला पाहिजे? असोद्याच्या बहिणाबाई चौधरी यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. जात्यावर, शेतात काम करता करता त्या गात राहिल्या. मुलगा सोपानदेव आणि घरच्यांनी ऐकून लिहून ठेवलं म्हणून ते टिकलं. १९५१ मध्ये त्या गेल्या आणि १९५२ मध्ये गाण्यांचं पुस्तक निघालं. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचंच नाव आहे, २०१८ पासून. त्यांच्या हातात आजचा फॉर्म दिला असता तर शिक्षणाच्या रकान्यात काहीच लिहिता आलं नसतं. दुसरं उदाहरण लताबाईंचं. त्यांच्या आईचं माहेर धुळे जिल्ह्यातलं, तापीकाठचं थाळनेर. शास्त्रीय गाणं त्यांनी वडिलांकडून घेतलं, पण लोकगीतं कानावर पडली ती थाळनेरच्या आजीकडून.

म्हणून लिहा: "आई आणि आजीकडून कानबाईची आणि आखाजीची गाणी शिकले. अहिराणीतली सुमारे वीस गाणी पाठ आहेत." आकडा मात्र मोजून लिहा. एका कागदावर प्रत्येक गाण्याची पहिली ओळ उतरवून काढा. चौदा झाली तर चौदाच लिहा. हे काम आजीसोबत बसून करा, तिलाही बरं वाटेल.

तिसरा प्रश्न: तुम्हाला संगीत का शिकायचं आहे?

या प्रश्नाला मोबाईलवरून उचललेली उत्तरं सगळ्यात जास्त येतात. संगीत हा आत्मा आहे, संगीत ईश्वराची देणगी आहे, संगीताशिवाय जीवन अपूर्ण. वाक्यं चुकीची नाहीत, पण शंभर फॉर्मवर तीच असतात. आमच्या ओळखीतल्या एका मुलीचा फॉर्म नेटकॅफेवाल्या दादाने भरून दिला होता. त्याने चांगल्या मनाने भारी भारी मजकूर टाकला, त्यात एका मोठ्या घराण्याच्या गायकीचा अभ्यास करायचाय असंही होतं. मुलाखतीत विचारलं, "या घराण्यातलं कुणाचं गाणं ऐकलंय?" पोरगी गप्प. तिला यमन छान येत होता, पण त्यानंतर तिचा आवाजच लागला नाही. त्या वर्षी तिचा प्रवेश राहिला. गाणं कमी नव्हतं, कागद दुसऱ्याचा होता.

या प्रश्नाचं चांगलं उत्तर शोधायची एक सोपी रीत आहे. मुलीला विचारा, "गाताना तुझं कुठे अडतं?" ती जे सांगेल तेच उत्तर. "ऐकून गाणं बसवता येतं, पण त्यातले स्वर ओळखून लिहिता येत नाहीत. तान घेताना लय सुटते. तबल्यासोबत गायची सवय नाही. हे नीट शिकायचं आहे." अशी चार वाक्यं पुरेत. अडचण लिहिली तर प्रवेश नाकारतील अशी भीती वाटते. पण स्वतःचं कुठे अडतं हे ज्या मुलीला सांगता येतं, ती कान उघडे ठेवून गाते हे शिकवणाऱ्याला लगेच समजतं. सगळं येत असतं तर कॉलेजात कशाला गेली असती?

चौथा प्रश्न: कार्यक्रम, स्पर्धा, प्रमाणपत्रं.

प्रमाणपत्र असेल तर वर्षासकट लिहा. नसेल तरी गणपतीत, सप्ताहात, शाळेच्या गॅदरिंगमध्ये, दिंडीत गायलेलं लिहिता येतं. "२०२३ आणि २०२४ मध्ये गावच्या हरिनाम सप्ताहात गायले" हे खरं आणि पुरेसं आहे. बक्षीस मिळालं नसेल तर "सहभाग" लिहा. खोटं बक्षीस लिहू नका, त्याचा कागद मागतात.

पाचवा प्रश्न: पुढे काय करायचं आहे?

इथे मुलीपेक्षा आई-बाप जास्त अडखळतात. "गाणं शिकून पोट भरेल का?" हा प्रश्न योग्यच आहे, त्याला उडवून लावू नये. सगळ्या मुली गायिका होत नाहीत, हे आपण घरात मोकळेपणाने बोलू या. पण गाण्याचा क्लास चालवता येतो. शाळांमध्ये संगीत शिकवता येतं. आकाशवाणीवर आवाजाची चाचणी देता येते, केंद्र आपल्या जळगावलाच आहे. भजन-कीर्तनाला साथ, कार्यक्रमांचं सूत्रसंचालन, ध्वनिमुद्रणाचं कामही असतं. कमाई हळूहळू सुरू होते, महिन्याच्या पगारासारखी लगेच येत नाही. म्हणून बीएला संगीतासोबत दुसरा विषयही मन लावून करावा. आणि कुणी "विशारद झाली की पदवीसारखंच" असं सांगितलं, तर ज्या नोकरीवर डोळा आहे तिची जाहिरात काढून वाचा. तिच्यात जे शिक्षण मागितलंय तेच धरा.

फॉर्मवर मात्र एवढंच लिहायचं: "गावाजवळ मुलींसाठी गाण्याचा क्लास सुरू करायचा आहे." किंवा "अहिराणी गाणी गोळा करून स्वरलिपीत लिहून ठेवायची आहेत." किंवा अगदी, "अजून ठरलेलं नाही, आधी विशारदपर्यंत शिकायचं आहे." अठरा वर्षांच्या मुलीचं हे उत्तर प्रामाणिक आहे.

शेवटी पालकांची सही आणि वसतिगृहाचा रकाना. बऱ्याच फॉर्मवर "पालक" एवढंच असतं. आईही पालक असते, सही तुम्हीही करू शकता. पण सही करण्याआधी घरात बोलणं होऊ द्या. पुण्या-मुंबईला पाठवायचं असेल तर राहणं, जेवण, येणं-जाणं, फी यांचा हिशेब कागदावर मांडा. वसतिगृह मिळालं नाही तर काय, हेही आधीच ठरवा. नुसतं "मुलीला बाहेर ठेवायचं नाही" म्हणण्यापेक्षा, किती खर्च आणि कोण सोबत, हे बोललं की अर्धी भीती कमी होते. जळगावला जाऊन-येऊन करणं जमत असेल तर तोही चांगला निर्णय आहे.

फॉर्म पाठवला की तयारी संपत नाही. समोर गायचं असतं. त्यासाठी चार गोष्टी.

एक, मुलीला स्वतःची पट्टी माहीत हवी. पुष्कळ मुली काळी चार किंवा काळी पाचमध्ये गातात, पण प्रत्येकीचा गळा वेगळा. पेटीवाल्या काकांकडून तपासून घ्या. दुसऱ्याच्या पट्टीत गायलं की चांगला आवाजही कसनुसा लागतो.

दोन, फॉर्मवर लिहिलेल्या प्रत्येक रागाचे आरोह-अवरोह आणि एक बंदिश तयार हवी. भूप लिहिला असेल तर त्यात मध्यम आणि निषाद नाहीत, यमन लिहिला असेल तर मध्यम तीव्र आहे, एवढं विचारल्यावर सांगता आलं पाहिजे. दहा राग लिहून दोन येण्यापेक्षा तीन लिहून तिन्ही येणं बरं.

तीन, ताल हातावर देता यायला हवेत. तीनतालाच्या १६ मात्रा, एकतालाच्या १२, झपतालाच्या १०, केरव्याच्या ८, दादऱ्याच्या ६. स्वयंपाक करता करता मोजले तरी आठ दिवसांत बसतात. तानपुरा घरी नसतो, पण मोबाईलवर तानपुऱ्याचं ॲप मिळतं, त्यावर रोज सूर लावा.

चार, भरलेल्या फॉर्मची झेरॉक्स घरी ठेवा आणि जाण्याआधी दोनदा वाचा. आपण काय लिहिलं होतं, हेच आठवत नाही, असं व्हायला नको.

नेटकॅफेत जायचंच आहे, ऑनलाइन फॉर्म तिथेच भरला जातो. पण जाण्याआधी उत्तरं वहीत मुलीच्या हाताने लिहिलेली असू द्या. दादाला सांगा, "यातला शब्द न् शब्द असाच टाका." इंग्रजीत फॉर्म असेल तर त्याच मजकुराचं साधं इंग्रजी शाळेतल्या मॅडमकडून करून घ्या. भरल्यावर सबमिटचं बटण दाबण्याआधी मुलीने पडद्यावर स्वतः वाचायचं. मग पावतीची प्रिंट घ्यायची.

यात गटाचं काम काय? माझ्या मते तीन कामं आपल्याला जमतील. बैठकीत मुलीला तिची उत्तरं मोठ्याने वाचायला लावा. आपण सगळ्या तिला लहानपणापासून ऐकतोय, काय राहिलं ते आपल्यालाच आठवेल. "अगं, तू मागच्या वर्षी सप्ताहात एकटीने गवळण म्हटली होतीस की, ते लिहिलंस का?" असं म्हणणारं कुणीतरी लागतं. दुसरं, तिला आपल्यासमोर गायला लावा. पंधरा-वीस बायकांसमोर गायलेली मुलगी तीन परीक्षकांसमोर घाबरणार नाही. तिसरं, फी किंवा पेटी घेण्यासाठी गटातून अंतर्गत कर्ज मागितलं, तर ते शिक्षणाचं कर्ज म्हणून ठरावात लिहा. शेळीला आणि शिलाई मशीनला कर्ज देताना आपण विचार करतो तसाच विचार पेटीलाही करू. परतफेडीचा हप्ता ठरवून द्या, दया म्हणून देऊ नका.

या आठवड्यात एवढं करा. घरात किंवा गल्लीत बारावी झालेली, गाणारी मुलगी असेल तर तिला एक कोरी वही द्या. पहिल्या पानावर तिला येणाऱ्या गाण्यांची यादी, दुसऱ्यावर तिला शिकवणाऱ्यांची नावं, तिसऱ्यावर तिचं गाताना कुठे अडतं ते. ही तीन पानं झाली की फॉर्मचं निम्मं काम झालं. पुढच्या बैठकीला वही घेऊन या, आपण मिळून वाचू.